लिनक्सवरील सॉफ्टवेअर रेड अ‍ॅरेचा आकार बदलणे आणि रिसिंकवर नियंत्रण ठेवणे

लिनक्सच्या एमडी ड्रायव्हरवर उभा केलेला रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून एकाच डिस्कसारख्या वापरण्याची पद्धत) अ‍ॅरे चालू असतानाच वाढवता येतो आणि बहुतेक वेळा त्यासाठी फाइल सिस्टीम अनमाउंटही करावी लागत नाही. त्यामुळे एका ओळीची कमांड दिली की काम संपले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्या कमांडनंतर काही तास, क्वचित काही दिवस, सर्व डिस्कवर अखंड वाचन-लेखन चालू राहते आणि त्या काळात एखादी डिस्क बंद पडली तर डेटा वाचेल की नाही, हे आपण निवडलेल्या पद्धतीवर ठरते. पुढे दिलेला प्रत्येक टप्पा, तसेच रिसिंकचा (सर्व डिस्कवरील माहिती पुन्हा एकमेकींशी जुळवून घेण्याच्या कामाचा) वेग वाढवायचा की कमी करायचा हा निर्णय, याच एका कसोटीवर तपासलेला आहे.

उदाहरण म्हणून ४ टीबीच्या तीन डिस्कचा रेड ५ अ‍ॅरे घेऊ. त्याचे नाव /डेव्ह/एमडी०, घटक एसडीबी१, एसडीसी१ आणि एसडीडी१, वर एक्स्ट४ फाइल सिस्टीम आणि वापरण्याजोगी जागा ८ टीबी; उरलेली एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे एखादी डिस्क गेल्यास तिचा डेटा पुन्हा काढण्यासाठीच्या माहितीला, जाते. कमांड, पर्याय आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत द्यावी लागतात. सर्व कामे रूट वापरकर्ता म्हणून करायची आहेत. व्यवस्थापनाचे साधन म्हणजे एमडीएडीएम ही आज्ञावली.

काम सुरू करण्यापूर्वी

पहिली गोष्ट बॅकअपची. रेड हा बॅकअप नव्हे, हे वाक्य सर्वांना पाठ असते, तरीही आकार बदलण्याच्या आदल्या दिवशी शेवटचा बॅकअप कधी घेतला होता हे पाहण्याची तसदी फार थोडे जण घेतात. बॅकअप केवळ असून भागत नाही. त्यातील दोन-चार फाइली परत आणून उघडून पाहाव्यात.

त्यानंतर /प्रॉक/एमडीस्टॅट ही फाइल वाचावी. तिच्यात अ‍ॅरेच्या ओळीखाली चौकोनी कंसात प्रत्येक डिस्कसाठी एक खूण असते: सुस्थितीतील डिस्कसाठी 'यू' आणि गैरहजर डिस्कसाठी अधोरेषा. तीन 'यू' दिसत नसतील, तर आकार बदलण्याचा विचार बाजूला ठेवून आधी अ‍ॅरे पूर्ववत करावा. 'एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०' या कमांडने मिळणारी माहिती एखाद्या दुसऱ्या संगणकावर जतन करून ठेवावी, कारण डिस्कचा क्रम, चंक साइझ (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार), मेटाडेटाची (रचनेविषयीच्या नोंदींची) आवृत्ती आणि प्रत्येक डिस्कची किती जागा वापरात आहे हे सर्व तिच्यात असते. काही बिघडल्यास हीच माहिती सर्वात आधी शोधावी लागते.

मेटाडेटाच्या आवृत्तीकडे विशेष लक्ष द्यावे. हल्लीचे अ‍ॅरे १.२ आवृत्तीचे असतात आणि त्यांचा सुपरब्लॉक, म्हणजे हा मेटाडेटा असलेला भाग, घटकाच्या सुरुवातीपासून ४ केबी अंतरावर असतो. ०.९० आणि १.० या आवृत्त्यांमध्ये मात्र तो घटकाच्या शेवटी असतो. त्यामुळे अशा अ‍ॅरेचे पार्टिशन जागच्या जागी मोठे केले की नव्या शेवटाशी सुपरब्लॉक सापडत नाही आणि तो घटक अ‍ॅरेचा भाग म्हणून ओळखलाच जात नाही. शिवाय ०.९० आवृत्तीत घटकाच्या आकाराला मुळात २ टीबीची मर्यादा होती. इतका जुना अ‍ॅरे वाढवत बसण्यापेक्षा नवा उभारून डेटा त्यात नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

यापुढची तपासणी डिस्कच्या प्रकृतीची. 'स्मार्टसीटीएल' या आज्ञावलीने प्रत्येक डिस्कची दीर्घ चाचणी घ्यावी आणि त्यानंतर अ‍ॅरेची स्वतःची तपासणी चालवावी. त्यासाठी /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_अ‍ॅक्शन या फाइलमध्ये 'चेक' हा शब्द लिहावा लागतो. या तपासणीत प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो, आणि जो वाचता येत नाही त्यातील मजकूर पॅरिटीवरून काढून तेथेच पुन्हा लिहिला जातो. कित्येक महिन्यांत कोणी न वाचलेला खराब सेक्टर तिन्ही डिस्क शाबूत असताना सापडला, तर तो किरकोळ दुरुस्तीचा विषय असतो. तोच सेक्टर एक डिस्क काढून ठेवलेली असताना सापडला, तर त्या ठिकाणचा डेटा परत मिळवण्यास दुसरी जागा उरलेली नसते.

घरगुती संगणकांसाठी विकल्या जाणाऱ्या डिस्कबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. खराब सेक्टर आढळल्यावर अशा डिस्क तो वाचण्याचा प्रयत्न दोन-दोन मिनिटे चालू ठेवू शकतात, मात्र कर्नल साधारणपणे ३० सेकंदच वाट पाहतो आणि मग डिस्कचा संपर्क रीसेट करतो. परिणामी एका सेक्टरच्या दोषापायी अख्खी डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. डिस्कमध्ये सोय असेल तर 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०' या कमांडने प्रयत्नांची मर्यादा ७ सेकंदांवर आणावी. आकडे सेकंदाच्या दहाव्या भागात आहेत. सोय नसेल तर त्या डिस्कच्या /सिस/ब्लॉक/.../डिव्हाइस/टाइमआउट या फाइलमध्ये १८० लिहून कर्नललाच अधिक थांबायला लावावे. या नोंदी सहसा संगणक बंद-चालू केल्यावर पुसल्या जातात, म्हणून त्या बूटच्या वेळी आपोआप होतील अशी व्यवस्था करावी. नव्या डिस्क विकत घेताना त्या एसएमआर प्रकारच्या नाहीत ना, हेही पाहावे. अशा डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात आणि रिसिंकसारख्या सलग, प्रदीर्घ लेखनात त्यांचा वेग कोसळू शकतो.

पद्धत पहिली: तितक्याच, पण मोठ्या डिस्क

अ‍ॅरेचा आकार दोन मार्गांनी वाढतो. एकतर डिस्कची संख्या तीच ठेवून प्रत्येक डिस्कची अधिक जागा वापरात आणायची, किंवा डिस्कची संख्या वाढवायची. पहिल्या मार्गात जुना डेटा जागचा हलत नाही, त्यामुळे तो तुलनेने साधा आहे.

४ टीबीच्या डिस्क काढून ८ टीबीच्या बसवायच्या आहेत असे समजू. नव्या डिस्कवर जीपीटी पद्धतीचे पार्टिशन टेबल असणे आवश्यक आहे, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत (सेक्टर ५१२ बाइटचा असताना) २ टीआयबीच्या (१ टीआयबी म्हणजे सुमारे १.१ टीबी) पलीकडची जागा मोजताच येत नाही. संगणकात एक पोर्ट मोकळा असेल, तर डिस्क बदलण्याची योग्य रीत अशी आहे: 'एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --अ‍ॅड /डेव्ह/एसडीई१' या कमांडने नवी डिस्क राखीव म्हणून जोडावी आणि मग 'एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --रिप्लेस /डेव्ह/एसडीबी१ --विथ /डेव्ह/एसडीई१' ही कमांड द्यावी. नव्या डिस्कवर प्रत पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्क कामात राहते. त्यानंतरच ती सदोष म्हणून नोंदली जाते आणि 'रिमूव्ह' पर्यायाने काढता येते. संपूर्ण काळात अ‍ॅरेला एका डिस्कचा आधार शिल्लक असतो.

बहुतांश मार्गदर्शिकांत दिलेली रीत याहून वेगळी आहे: जुनी डिस्क 'फेल' करायची, काढायची, नवी बसवून जोडायची. मोकळे पोर्ट नसेल तर तीच वापरावी लागते, हे खरे. परंतु तिची किंमत मोजून पाहावी. ४ टीबी डेटा सेकंदाला १५० एमबी या वेगाने लिहिण्यास सुमारे साडेसात तास लागतात. तीन डिस्कसाठी असे तीन फेरे होतात, म्हणजे रेड ५ अ‍ॅरे एकूण बावीस तासांहून अधिक काळ निराधार राहतो आणि त्या प्रत्येक तासात उरलेल्या दोन जुन्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचला जात असतो. याच काळात वीज गेली तर अडचण दुहेरी होते, कारण एक डिस्क कमी असलेला आणि व्यवस्थित बंद न झालेला रेड ५ अ‍ॅरे एमडी आपणहून सुरू करत नाही. एखादे साधे यूएसबी एन्क्लोजर तात्पुरते वापरून का होईना, 'रिप्लेस'चा मार्ग मोकळा करावा असे माझे मत आहे.

तिन्ही डिस्क बदलल्यानंतरही अ‍ॅरे ८ टीबीचाच दिसतो. आता 'एमडीएडीएम --ग्रो /डेव्ह/एमडी० --साइझ=मॅक्स' ही कमांड द्यायची. अ‍ॅरेवर राइट-इंटेंट बिटमॅप (कोणत्या भागात लेखन चालू आहे याची नोंद) असेल तर अनेक आवृत्त्यांमध्ये ही कमांड नाकारली जाते; अशा वेळी 'एमडीएडीएम --ग्रो /डेव्ह/एमडी० --बिटमॅप=नन' याने बिटमॅप काढावा, आकार वाढवावा आणि शेवटी 'नन'च्या जागी 'इंटर्नल' देऊन तो पुन्हा बसवावा. बिटमॅप नसलेल्या मधल्या काळात संगणक अचानक बंद पडला तर संपूर्ण अ‍ॅरेचे रिसिंक होते, म्हणून हे शेवटचे पाऊल विसरू नये. ते सर्वाधिक विसरले जाते.

कमांड देताच अ‍ॅरे १६ टीबीचा दिसू लागतो आणि वाढलेल्या भागाचे रिसिंक पार्श्वभूमीवर सुरू होते. 'अ‍ॅश्युम-क्लीन' हा पर्याय जोडल्यास ते टाळता येते. रेड १ मध्ये (जेथे प्रत्येक डिस्कवर तीच प्रत असते) या पर्यायाने फारसे बिघडत नाही. रेड ५ आणि (दोन डिस्कचा आधार असलेल्या) ६ मध्ये मात्र नव्या भागातील पॅरिटी खरी असल्याची खात्री राहत नाही, म्हणून तेथे रिसिंक होऊ द्यावे.

कधी डिस्क न बदलता, तिच्यावरील मोकळी जागा मिळवून पार्टिशनच वाढवलेले असते. १.२ आवृत्तीत सुपरब्लॉक सुरुवातीला असल्यामुळे घटक ओळखला जातो, पण त्यात वापरण्याजोगी जागा म्हणून जुना आकडाच नोंदलेला असतो आणि 'साइझ=मॅक्स' देऊनही काहीच वाढत नाही. येथे अ‍ॅरे थांबवून 'एमडीएडीएम --असेंबल' ही कमांड '--अपडेट=डिव्हाइससाइझ' या पर्यायासह द्यावी लागते. हा पर्याय क्वचितच लागतो, त्यामुळे तो माहीत नसल्यास एखादी संध्याकाळ वाया जाते.

पद्धत दुसरी: डिस्कची संख्या वाढवणे

चौथी ४ टीबीची डिस्क जोडून ८ टीबीचा अ‍ॅरे १२ टीबीचा करायचा असेल, तर प्रत्येक पट्टा (सर्व डिस्कवरील एकेका चंकची ओळ) तीनऐवजी चार डिस्कवर नव्याने मांडावा लागतो. यास रीशेप म्हणतात. कमांड दोन आहेत. आधी 'अ‍ॅड' पर्यायाने नवी डिस्क राखीव म्हणून जोडायची आणि मग 'एमडीएडीएम --ग्रो /डेव्ह/एमडी० --रेड-डिव्हाइसेस=४ --बॅकअप-फाइल=/रूट/एमडी०-बॅकअप' ही कमांड द्यायची.

बॅकअप फाइलचे कारण समजून घ्यावे. रीशेपच्या आरंभी नवी मांडणी जेथे लिहायची, तेथेच जुना, अजून न हलवलेला डेटा असतो. तेवढ्या नाजूक भागाची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय तो ओलांडता येत नाही. डिस्कची संख्या वाढवताना ही गरज केवळ सुरुवातीच्या थोड्या भागापुरती असते, संख्या कमी करताना ती शेवटी येते, आणि संख्या तीच ठेवून चंक साइझ किंवा मांडणी बदलायची असेल तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत राहते. १.२ मेटाडेटाच्या नव्या अ‍ॅरेमध्ये डेटाच्या आधी मोकळी जागा राखलेली असते, त्यामुळे बऱ्याचदा या फाइलचे काम पडतच नाही; तरीही ती देण्यात तोटा नाही. ही फाइल ज्या अ‍ॅरेचा रीशेप चालू आहे त्याच्यावर ठेवता कामा नये. बूटनंतर रिकामी होणाऱ्या /टीएमपीसारख्या जागीही ती नसावी.

रीशेपमध्ये पॅरिटी शेवटपर्यंत वैध राहते. मध्येच एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. या दृष्टीने 'फेल करून बदलणे' या रीतीपेक्षा रीशेप अधिक सुरक्षित आहे. वेळ मात्र फार लागतो, कारण त्याच डिस्कवर वाचन आणि लेखन आलटून-पालटून होते आणि वेग साध्या रिसिंकपेक्षा बराच कमी असतो. संगणक मध्येच बंद करावा लागल्यास रीशेप कोठवर आला हे सुपरब्लॉकमध्ये नोंदलेले असते आणि अ‍ॅरे पुन्हा जोडला की काम तेथून पुढे सुरू होते. बॅकअप फाइल वापरात असेल तर 'असेंबल' करताना तिचा मार्ग सांगावा लागतो. तरीही यूपीएस असावा, आणि पुण्यात राहणाऱ्यांनी देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा गुरुवार टाळून हे काम हाती घ्यावे.

वाढलेली जागा रीशेप पूर्ण झाल्यावरच दिसते. ९९ टक्के काम झाल्यावरही अ‍ॅरे ८ टीबीचाच दिसत असेल तर ते स्वाभाविक आहे.

रेड १ मध्ये डिस्कची संख्या वाढवल्याने प्रतींची संख्या वाढते, जागा नव्हे. दोन डिस्कचा रेड १ आधी 'लेव्हल=५' देऊन दोन डिस्कच्या रेड ५ मध्ये बदलता येतो आणि मग तिसरी डिस्क जोडून खऱ्या अर्थाने वाढवता येतो.

वरच्या थरांपर्यंत जागा पोहोचवणे

एमडीने जागा वाढवली तरी वरच्या थरांना ती आपोआप मिळत नाही. खालून वर एकेक थर वाढवावा लागतो. लक्स एन्क्रिप्शन असेल तर 'क्रिप्टसेटअप रिसाइझ', एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारा थर) असेल तर 'पीव्हीरिसाइझ' आणि त्यानंतर 'एलव्हीएक्सटेंड', आणि सर्वात शेवटी फाइल सिस्टीम. एक्स्ट४ साठी 'रिसाइझ२एफएस /डेव्ह/एमडी०' आणि एक्सएफएससाठी 'एक्सएफएस_ग्रोएफएस' ही कमांड माउंट केलेल्या डिरेक्टरीचे नाव देऊन वापरावी. दोन्ही कामे फाइल सिस्टीम माउंट असताना होतात.

एक्स्ट४ बाबत एक मर्यादा ठाऊक असावी. '६४बिट' हे वैशिष्ट्य नसलेली जुनी एक्स्ट४ फाइल सिस्टीम, ४ केबीचे ब्लॉक असताना, १६ टीआयबीपलीकडे वाढत नाही. ८ टीबीच्या तीन डिस्कचा आपला अ‍ॅरे सुमारे १४.५ टीआयबीचा, म्हणजे मर्यादेच्या आत असतो. तशीच चौथी डिस्क जोडल्यास तो २१.८ टीआयबीचा होतो आणि वाढ अडते. 'रिसाइझ२एफएस -बी' या कमांडने रूपांतर करता येते, पण त्यासाठी फाइल सिस्टीम अनमाउंट करावी लागते.

डिस्कची संख्या बदलल्यावर फाइल सिस्टीमला पट्ट्याची नवी रुंदी कळवणे लाभदायक असते. ५१२ केबी चंक आणि ४ केबी ब्लॉक असताना 'स्ट्राइड' १२८ येतो. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये डेटाच्या तीन डिस्क मोजल्या जातात, म्हणून 'स्ट्राइप_विड्थ' ३८४ होते. 'ट्यून२एफएस -ई' ही कमांड या दोन्ही नोंदी बदलते. यातील 'ई' रोमन लिपीत मोठा लिहावा.

आकार कमी करणे

येथे क्रम उलटा होतो आणि चुकीला माफी नसते. एक्सएफएस व्यवहारात आकुंचित करता येत नाही. तेथे डेटा बाहेर काढून फाइल सिस्टीम नव्याने करणे हाच मार्ग आहे. एक्स्ट४ असेल तर ती अनमाउंट करून 'ई२एफएससीके -एफ' ने तपासावी आणि मग लक्ष्यापेक्षा थोडी अधिकच लहान करावी. चार डिस्कचा १२ टीबीचा अ‍ॅरे तीन डिस्कवर, म्हणजे ८ टीबीवर आणायचा असेल, तर ८ टीबी म्हणजे सुमारे ७.२८ टीआयबी; म्हणून 'रिसाइझ२एफएस /डेव्ह/एमडी० ७१६८जी' असे देऊन ती ७ टीआयबीवर आणावी.

यानंतर 'रेड-डिव्हाइसेस=३' दिल्यास एमडीएडीएम ते नाकारतो आणि आधी 'अ‍ॅरे-साइझ' किती करायला हवा तो आकडा स्वतःच सांगतो. हा नकार उपयुक्त आहे. आकडा स्वतः मोजत न बसता तोच वापरावा. 'एमडीएडीएम --ग्रो /डेव्ह/एमडी० --अ‍ॅरे-साइझ=' यापुढे तो आकडा दिला की अ‍ॅरे वरच्या थरांना लहान दिसू लागतो, पण डिस्कवरील काहीही बदललेले नसते. या अवस्थेत फाइल सिस्टीम पुन्हा तपासावी, माउंट करून फाइली उघडून पाहाव्यात. काही चुकले असेल तर मोठा आकडा देऊन सर्व पूर्ववत करता येते. परतीचा रस्ता येथपर्यंतच आहे. पुढे 'रेड-डिव्हाइसेस=३' बॅकअप फाइलसह दिले की शेवटची ती सगळी जागा कायमची जाते. रीशेप संपल्यावर चौथी डिस्क राखीव म्हणून उरते, आणि 'रिसाइझ२एफएस' आकडा न देता पुन्हा चालवल्यास फाइल सिस्टीम उपलब्ध जागा भरून घेते.

रिसिंकचा वेग

रिसिंकवर दोन मर्यादा असतात. /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड/ या डिरेक्टरीतील 'स्पीड_लिमिट_मिन' आणि 'स्पीड_लिमिट_मॅक्स' या फाइलींत त्या असून त्यांची मूळ मूल्ये अनुक्रमे १,००० आणि २,००,००० आहेत. एकक सेकंदाला केआयबी (१,०२४ बाइट) असे आहे आणि ते प्रत्येक डिस्कमागे मोजले जाते. कमाल मर्यादा म्हणजे यापुढे जायचे नाही. किमान मर्यादेचा अर्थ थोडा वेगळा आहे: अ‍ॅरेवर इतर कामे चालू असतील तर रिसिंक त्यांना वाट करून देत मागे सरते, पण किती मागे सरायचे याची सीमा हा आकडा ठरवतो.

यामुळेच अनेकांचा एक गोंधळ होतो. वेग कमी दिसतो म्हणून ते कमाल मर्यादा वाढवतात आणि काहीच फरक पडत नाही. व्यस्त सर्व्हरवर रिसिंक किमान मर्यादेच्या आसपास रेंगाळत असते. वाढवायची असते ती किमान मर्यादा. १,००० केआयबीच्या वेगाने ४ टीबीचे काम सुमारे ४५ दिवस चालेल, आणि २,००,००० च्या वेगाने साडेपाच तासांच्या आत संपेल. या दोन टोकांमध्ये कोठे थांबायचे, हे कोणते काम चालू आहे त्यावर ठरवावे.

रेड ५ मधील एक डिस्क गेली असून नव्या डिस्कवर पुनर्निर्मिती चालू असेल, तर वापरकर्त्यांची गैरसोय झाली तरी किमान मर्यादा ५०,००० ते १,००,००० पर्यंत वाढवावी, कारण येथे मंद चालणारा प्रत्येक तास आधाराविना जातो. रेड ६ मधील एकच डिस्क गेली असेल तर अजून एका डिस्कचा आधार शिल्लक असतो, त्यामुळे दिवसा सौम्य आणि रात्री जोरात असे करता येते. रीशेप चालू असताना आधार अबाधित असतो. घाई करण्याचे कारण नसते. नेहमीची तपासणी तर पूर्णपणे मागे सारण्याजोगी आहे, तिची कमाल मर्यादा कामाच्या वेळेत २०,००० पर्यंत उतरवली तरी काही बिघडत नाही. सर्वांना एकच वेग लावणाऱ्या तयार स्क्रिप्ट इंटरनेटवर पुष्कळ सापडतात. त्या याच कारणासाठी मी टाळतो.

एका संगणकावर अनेक अ‍ॅरे असतील तर मर्यादा एकेका अ‍ॅरेला वेगळी लावावी. /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/ येथे 'सिंक_स्पीड_मिन' आणि 'सिंक_स्पीड_मॅक्स' या फाइली आहेत. त्यांत आकडा लिहिला की तो त्या अ‍ॅरेपुरता लागू होतो, आणि 'सिस्टीम' हा शब्द लिहिला की पुन्हा सर्वसाधारण मर्यादा लागू होते. शेजारच्याच 'सिंक_स्पीड' या फाइलमध्ये गेल्या ३० सेकंदांतील प्रत्यक्ष वेगाची सरासरी दिसते. हे बदल रीबूटनंतर टिकत नाहीत. सर्वसाधारण मर्यादा कायम ठेवायच्या असतील तर त्या 'सिसकंट्रोल'च्या संरचना फाइलमध्ये नोंदवाव्यात.

रेड ५ आणि ६ मध्ये 'स्ट्राइप_कॅश_साइझ' (पट्ट्यांसाठी राखलेल्या मेमरीचे माप) वाढवल्यास वेगात स्पष्ट फरक पडू शकतो. तिचे मूळ मूल्य २५६ आहे. लागणारी मेमरी म्हणजे हा आकडा, डिस्कची संख्या आणि ४ केआयबी यांचा गुणाकार. चार डिस्क आणि ८,१९२ हे मूल्य असताना ती १२८ एमआयबी होते. कमी मेमरीच्या यंत्रावर हा हिशेब करूनच आकडा वाढवावा.

एमडीस्टॅटमध्ये दिसणारा समाप्तीचा अंदाज अलीकडच्या वेगावर आधारलेला असतो. फिरत्या डिस्कचा वेग बाहेरील ट्रॅकवर जास्त आणि आतील ट्रॅकवर बराच कमी असल्याने, सुरुवातीला दाखवलेल्या वेळेपेक्षा प्रत्यक्षात सहसा अधिक वेळ लागतो.

थांबवणे आणि प्रतीक्षेतील अवस्था

'सिंक_अ‍ॅक्शन' फाइलमध्ये 'आयडल' लिहिल्यास चालू काम थांबते, पण एखाद्या घटनेने ते आपोआप पुन्हा सुरू होऊ शकते. ते सुरू होऊच नये असे असेल तर 'फ्रोझन' लिहावे आणि नंतर 'आयडल' लिहून गोठवणे मागे घ्यावे. गोठवलेला अ‍ॅरे तसाच विसरून गेल्यास राखीव डिस्क असूनही पुनर्निर्मिती होणार नाही. रीशेप मध्येच गोठवण्याऐवजी त्याची कमाल मर्यादा उतरवणे मी पसंत करतो.

तपासणी हप्त्यांनी करण्यासाठी 'सिंक_मिन' आणि 'सिंक_मॅक्स' उपयोगी पडतात. थांबवण्यापूर्वी 'सिंक_कम्प्लीटेड'मधील सेक्टरचा आकडा टिपून ठेवायचा आणि पुढील रात्री तो, चंकच्या पटीत खाली आणून, 'सिंक_मिन'मध्ये लिहून 'चेक' सुरू करायचे. तसे न केल्यास तपासणी दरवेळी शून्यापासून सुरू होते. डेबियनवर ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते, त्यामुळे डिस्क बदलण्याचे काम त्या दिवसाला लागून ठेवू नये. तपासणीनंतर 'मिसमॅच_सीएनटी' (न जुळलेल्या सेक्टरचा आकडा) पाहावा. रेड १ वर स्वॅप असेल तर तो शून्याहून अधिक येणे सहसा निरुपद्रवी असते. रेड ५ किंवा ६ मध्ये मात्र त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

एमडीस्टॅटमध्ये 'रिसिंक=डिलेड' दिसले तर घाबरू नये. त्याच भौतिक डिस्क वापरणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅरेचे रिसिंक चालू असल्याने याने रांग धरलेली असते, आणि ही रांग हिताचीच आहे. दोन्ही एकाच वेळी चालल्यास डिस्कचे हेड सतत इकडून तिकडे धावत राहून दोघांचाही वेग घसरतो. मोठ्या डेटा अ‍ॅरेमागे लहानसा बूट अ‍ॅरे अडकला असेल, तर मोठ्याचे काम 'फ्रोझन' करून लहान्याला पुढे काढता येते. 'रिसिंक=पेंडिंग' याचा अर्थ वेगळा: अ‍ॅरे अजून केवळ-वाचन अवस्थेत आहे आणि पहिले लेखन होताच किंवा 'एमडीएडीएम --रीडराइट' दिल्यावर रिसिंक सुरू होईल.

काम संपल्यावर

स्क्रिप्टमधून पुढची पावले टाकायची असतील तर 'एमडीएडीएम --वेट /डेव्ह/एमडी०' ही कमांड रिसिंक संपेपर्यंत थांबून राहते. नंतर बिटमॅप परत बसवावा, बदललेल्या वेगमर्यादा मूळ मूल्यांवर आणाव्यात आणि 'एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन' च्या निकालाशी एमडीएडीएमची संरचना फाइल ताडून पाहावी. तिच्यात डिस्कची जुनी संख्या लिहिलेली असेल तर पुढील बूटच्या वेळी अ‍ॅरे जोडला न जाण्याचा धोका असतो. डेबियन आणि उबंटूवर त्यानंतर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवावे, कारण बूटच्या आरंभी वाचली जाते ती याच फाइलची आत गुंडाळलेली प्रत. संगणक याच डिस्कवरून बूट होत असेल, तर प्रत्येक नव्या डिस्कवर ग्रब हा बूटलोडर बसवून घ्यावा आणि जुन्या डिस्क पुसण्यापूर्वी एकदा रीबूट करून एमडीस्टॅटमध्ये सर्व 'यू' दिसतात याची खात्री करून घ्यावी.